वारा लागला नव्हता

आये,

तुला कधी काही लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुझ्याशी बोलायला मला कागद लागत नव्हता. चुलीकडे तोंड करून बसलेल्या तुझ्या पाठीशी बोललं तरी तुला सगळं कळायचं. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या पोरीने तुला फक्त फोटोत पाहिलंय, तेही गळ्याभोवती पदर घट्ट ओढून बसलेली. तुला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे आली आहे. ती आधीच सांगून टाकते, तुला ताटकळत ठेवायची माझी हिंमत नाही. तुझ्या बाळाला, माझ्या धाकट्या भावाला, वारा लागला नव्हता. तू त्याला मिठागरावर नेलंस म्हणून तो गेला नाही. एवढंच असतं तर मी हसत सांगितलं असतं. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

आपल्या घरची रीत तुला मी काय सांगू. पण पोरीला सांगावी लागली तेव्हा लक्षात आलं, ती आता फक्त माझ्याच डोक्यात उरलीय. हंगामातली मिठाची पहिली रास पडली की घरातलं सगळ्यात लहान पोर तिच्यावर उभं करायचं. त्याचे पाय जिथे रुतले तिथलं मीठ उचलून घरी आणायचं आणि वर्षभर वेगळ्या बरणीत ठेवायचं. मलाही उभं केलं होतं म्हणे, आणि मी भोकाड पसरलं होतं. त्या वर्षी बाळ दोनेक वर्षांचा होता. माघातली सकाळ आहे. बांधावरून तू पुढे चालतेयस, कडेवर तो, तुझ्यामागे मी, माझ्यामागे आजी आणि आत्या. खाडीवरून वारा येतोय, अंगावर काटा आणणारा, आणि वाफ्यांतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठतायत. तू म्हणतेस, "ऊन वर येऊ द्या जरा, मंग उभा करू." आजी म्हणते, "रीत सकालची हाय. ऊन कशाला पायजे?" तू त्याला उभा करतेस. तो रडत नाही. वाकून मूठभर मीठ उचलतो, तोंडात घालतो, आणि असं काही तोंड वाकडं करतो की आजीसुद्धा हसते. तू खळखळून हसतेस. त्यानंतरही तू हसलीस, नाही असं नाही, पण तोंडावर पदर धरून.

थोड्याच दिवसांत त्याला खोकला लागला, मग धाप. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि कफ भरलाय, न्यूमोनिया आहे, असं सांगितलं. इंजेक्शनं झाली, पनवेलला नेऊन झालं, तिथे फोटो काढला तर छातीची एक बाजू सगळी पांढरी. होळीच्या आत तो गेला. मी तेव्हा लहान, पण बाहेरच्या पडवीत बायका काय बोलत होत्या ते मला कळत होतं. आत्या सगळ्यांना सांगत होती, "हिनं नेला त्याला वाऱ्याचा. छातीवर कपरा न्हवता पोराच्या." रीत आजीची, हट्ट आजीचा, आणि बोल तुला. बाबा काही बोलले नाहीत. बाबा कधीच काही बोलत नसत, हा त्यांचा चांगुलपणा, असं सगळे म्हणायचे. मला अजूनही तसं वाटत नाही.

तू मात्र ते खरं धरलंस. लोकांनी बोल लावला यापेक्षा तू तो मान्य केलास याचा मला जास्त राग आहे. आपल्या घराच्या खिडक्या चैत्रातसुद्धा बंद. माझ्या फ्रॉकच्या आत तू छातीवर जुन्या लुगड्याची पट्टी बांधायचीस आणि मी शाळेच्या वाटेवर ती सोडून दप्तरात कोंबायची. आणि तू मीठ सोडलंस. आमटीत मीठ पडायच्या आधी आपल्यापुरती वाटीभर काढून ठेवायचीस. सुकट गेली, सुके बोंबील गेले, लोणचं गेलं. आपल्या घरात मिठाशिवाय काय पिकत होतं? आणि घरची बाई अळणी खात होती. शेजारणी चेष्टा करायच्या, मग चेष्टा करायच्या थांबल्या, मग तेच तुझं नाव झालं, अळणीबाय. तू हाकेला ओ द्यायचीस.

मी सातवी-आठवीत असेन तेव्हा तुझा गळा सुजायला लागला. आधी एका बाजूला, मग दोन्ही बाजूंना, हाताला गाठी लागायच्या, बटाटे भरलेल्या पिशवीसारख्या. घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई आल्या, गळा चाचपला आणि तुझ्यावरच डाफरल्या, "मीठ पिकवता आणि मीठ खात नाही? मग गळा सुजणार नाही तर काय होणार?" आयोडीनचं मीठ आणा म्हणाल्या. मिठागरवाल्यांच्या घरात दुकानातलं पुडीचं मीठ आलं. तू ते आम्हाला घातलंस, स्वतः चिमूटभर घेतलं नाहीस. आत्याला तर आयतंच मिळालं. "मीठ सोरलं ना हिनं, म्हनून गला आला." तू तांदळाच्या भाकऱ्या थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "येऊ दे. बाला गेला तवा जीव हितंच अरकला व्हता. तोच बसलाय." त्यानंतर कुणी तुझ्या गळ्याविषयी विचारलं नाही. मीही नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला डॉक्टर लागत नाही.

मग माझा नंबर लागला. अठराव्या वर्षी माझी पाळी येईनाशी झाली. हनुवटीवर केस आले, ते मी कात्रीने कापायची आणि तुला वाटायचं मला कळत नाही की तुला कळतंय. मग आवाज. चुलतबहिणीच्या हळदीला मी नेहमीसारखी धवलारणीच्या मागे बसले होते, ती लग्नाची गाणी पुढे म्हणायची आणि आम्ही पोरी मागून ओढायचो. मी तोंड उघडलं आणि बाप्याचा सूर बाहेर आला. एक बाई म्हणाली, "कोन बाप्या बसलाय बायकांत?" सगळा मांडव हसला. तू कुठून तरी आलीस, माझा दंड धरलास आणि मला तिथून उठवून घरी आणलंस. मला वाटलं आता मार बसणार. तू दार लावलंस, माझी हनुवटी दिव्याकडे केलीस, बोट फिरवलंस आणि विचारलंस, "पोटात दुखतं का गं?" मी हो म्हटलं. तेवढ्यात आत्या आली. पोरीला काहीतरी लागलंय, भगताकडे न्या, असं तिचं सुरू झालं. तू तिला पहिल्यांदा उलट बोललीस. "तवा समद्यांचं आयकलं मी. आता न्हाय आयकनार."

सकाळच्या पहिल्या लाँचने आपण मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईला निघालो. मे महिना, घामाच्या धारा, आणि तू तुझा पदर माझ्या छातीवर गुंडाळून बसलेली. मी झिडकारला की पुन्हा टाकायचीस. "खारा वारा हाय. लागंल." भाऊच्या धक्क्यावर उतरून त्या मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत तुझ्या पिशवीतली भाकरी घामाने ओली झाली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, आणि काही दिवसांनी समजावून सांगितलं. उजव्या अंडाशयात गाठ आहे, क्वचितच होणारी, आणि ती बाप्याच्या अंगात असतं ते हार्मोन तयार करतेय. म्हणून केस, म्हणून आवाज, म्हणून पाळी बंद. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एकच विचारलंस, "वाऱ्यानं आलं का, साहेब?" ते हसले. "नाही हो, मावशी." तुझा विश्वास बसला नाही, मला दिसत होतं. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर होता का? तू म्हणालीस, न्हाय. आणि गळ्यावरचा पदर आणखी घट्ट केलास. त्यांनी तुझ्या गळ्याकडे बघितलं नाही, आणि तू तो दाखवला नाहीस. आता आठवलं की मला त्या खोलीत परत जाऊन तो पदर ओढून काढावासा वाटतो.

गाठ काढली, त्या बाजूचं अंडाशय काढलं. मग ती औषधं, ज्यांनी डोक्यावरचे केस गेले आणि हनुवटीवरचेही. केस परत आले, जिथे हवे तिथे. पाळी परत आली, आणि तू शेजारीपाजारी साखर वाटलीस, कशाबद्दल ते न सांगता. आवाज तेवढा परत आला नाही. तो एकदा जाडावला की पातळ होत नाही म्हणाले. मी रडायला लागले की म्हणायचीस, "आवाज जारा ऱ्हाला त ऱ्हाला. पोरगी ऱ्हाली ना माझी." माझ्या लग्नाच्या बोलण्यात तूच सगळ्यांसमोर सांगितलंस, एका बाजूचं काढलंय, आवाज असाच राहणार, आणि आयुष्यभर तपासायला न्यायला लागेल, जमत असेल तर बसा. दोन घरची माणसं उठून गेली. तिसऱ्या घरचा मुलगा बसला. अजून बसलाय. ट्रेलर चालवतो, गप असतो, पण बाबांसारखा गप नाही.

आणि ते तुझं ओरडणं. काही वर्षं सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा मी कंटाळले. दर वेळी लाँच, दर वेळी रांग, रक्त, पोटावर तो थंडगार जेल. मी म्हटलं, आता बरी आहे ना मी, पुरे झालं. तू हातातलं ताट खाली आपटलंस. "बरं वाटतं तवाच जायचं असतं. आजारी परल्यावर त कोनीबी जातं." तू असेपर्यंत प्रत्येक तपासणीला माझ्याबरोबर आलीस. मग तुला काविळीने नेलं, चार दिवसांत, आणि त्याचा तुझ्या गळ्याशी काही संबंध नव्हता. त्यानंतर मी एकटी जात राहिले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायची, जिथे तू बसायचीस.

आपलं मिठागर आता नाही. जमीन गेली, बाबा गेले, तिथे कंटेनरचं यार्ड झालं, आणि गंमत बघ, मी त्याच यार्डात ट्रेलर सोडायच्या टेबलावर बसते. दिवसभर फोनवर ड्रायव्हर लोक. ते मला दादा म्हणतात, शेठ म्हणतात, एकाने दोन वर्षं साहेब म्हटलं आणि प्रत्यक्ष भेटल्यावर चहाचा कप हातातून सोडला. मी कुणाची चूक सुधारत नाही. या आवाजाला माणसं वचकतात, गाड्या वेळेवर सुटतात. जिथे बाळाचे पाय मिठात रुतले होते ती जागा कुठली ते मला अंदाजाने माहीत आहे. तिथे कंटेनरच्या थप्प्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटींतून वारा शिट्ट्या वाजवत येतो.

यंदा तपासणीला गेले तर जुने डॉक्टर निवृत्त झालेले, जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी माझी जुनी फाइल वाचली आणि मला अगदीच भलतेसलते प्रश्न विचारायला लागल्या. घरात कुणाला गळ्याच्या गाठी होत्या का? मी सहज म्हटलं, आईला होत्या, पण ती मीठ खात नव्हती म्हणून. त्या म्हणाल्या, का खात नव्हती? मी सांगितलं, भाऊ वारलेला, म्हणून सोडलेलं. किती मोठा होता? कशाने गेला? मी आपली सांगत गेले, न्यूमोनिया, वारा, मिठाची रास, फोटोतली पांढरी बाजू. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. त्यांनी सांगितलं ते मी तुला आपल्या शब्दांत सांगते. शरीर घडवायच्या सूचना असतात ना, आईबापांकडून आलेल्या, त्यांतली एक बिघडलेली असली की वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या जागी गाठी येऊ शकतात. लहानग्या पोरांना फुप्फुसात. वयात येणाऱ्या मुलींना अंडाशयात. बायांना गळ्यात. माझं रक्त तपासलं, आणि तो बिघाड माझ्यात निघाला.

"मग माझ्या भावाला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आता खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून मला गाठच वाटते. आणि वाऱ्याने कुणाला असं होत नाही." मी तिथेच रडले. त्या जाड्या आवाजात रडणं फार वाईट ऐकू येतं, रांगेतले लोक वळून बघत होते. मला वाटलं, आत्ता या क्षणी आये असायला हवी होती. तुला ओरडून सांगावंसं वाटलं, तू काही केलं नव्हतंस, काहीच केलं नव्हतंस, खा आता मीठ. तेवढ्यात बाई पुढचं बोलल्या. हे तुम्हाला आईकडून आलं असणार. आणि तुमच्या मुलीत यायची शक्यता निम्मी आहे, तिचं रक्त तपासून घ्या.

आता कळलं ना तुला, माझी जीभ का रेटत नव्हती? वारा तुझा नव्हता, पण रक्त तुझं होतं. तुला सोडवायला गेले आणि दुसऱ्या दोरीने बांधून आले. त्यात माझी पोरगी अकरा वर्षांची. मी घरी आले आणि कुणालाच काही बोलले नाही. नवऱ्याला म्हटलं, नेहमीसारखंच आहे सगळं. पोरीला शाळेत सोडायची, तिच्या गळ्याकडे बघायची, डबा भरताना बघायची, ती झोपली की पोटाला हात लावून बघायची आणि ती वैतागून कूस बदलायची. बाईंचे फोन आले, मी यार्डात गडबड आहे म्हटलं. खोटं नव्हतं ते, यार्डात नेहमीच गडबड असते. खरी गोष्ट ही की मला कळायला नको होतं. कळलं की मी ती आई झाले, जिच्यामुळे. तू ज्या जागी आयुष्यभर उभी होतीस तिथे मी उभी राहणार होते, आणि मला तर असं म्हणायची सोय नाही की हे खोटं आहे.

एक दिवस मात्र आत्याकडे गेले. कशाला गेले कोण जाणे. कुणाला तरी सांगायचं होतं की वारा नव्हता, आणि तेव्हाची तीच एक उरलीय. पार वाकलीय, पण ओसरीत बसून जवळा निवडत होती. मी सगळं सांगितलं, सोपं करून. तिने ऐकलं, जवळ्यातला एक खडा काढून बाहेर भिरकावला आणि म्हणाली, "मंग तेच त झालं. तिचीच खोट. वारा काय न रगत काय, पोर गेला तिच्याच पायी." आये, मी ओरडले. मी असं ओरडले की शेजारचे दोघे धावत आले, त्यांना वाटलं कुणी बाप्या म्हातारीवर हात टाकतोय. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांना घालवलं, परत वळले, तर आत्याचे हात थांबलेले. ती जवळ्याकडे बघतच म्हणाली, "शाल मी आननार व्हते. तिनं मना सांगितली व्हती, बालाची शाल घ्या. मी इसरले. वाटंवर आठवली, पन बोलले न्हाय." इतकी वर्षं, आये. इतकी वर्षं ती तुझ्याकडे बोट दाखवत राहिली, कारण ते खाली घेतलं असतं तर स्वतःकडे वळलं असतं. मी तिला म्हटलं, "आत्या, शालीनं काय होनार न्हवतं." ती म्हणाली, "तू नको मना सांगू." आणि पुन्हा निवडायला लागली. तिला ते ऐकायचंच नव्हतं. ज्या गोष्टीवर ती जगली तीच मी काढून घेत होते.

घरी येताना मला तुझं ताट आपटणं आठवलं. बरं वाटतं तवाच जायचं असतं. ज्यांना कळायला नको असतं ती माणसं कशी होतात ते मी नुकतंच बघून आले होते. त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो दाराच्या चौकटीला टेकला आणि म्हणाला, "रविवारी गाडी काढू का?" आता पुलावरून गाडीने पटकन जाता येतं. मी म्हटलं, नको, मी तिला लाँचने नेते. पाऊस जरा उघडलेला होता. लाँच सुटली तशी पोरगी पुढे जाऊन कठड्याला धरून उभी राहिली, केस सुटलेले, टीशर्ट फुगलेला, तोंड उघडं टाकून वारा पीत होती. माझा हात ओढणीकडे गेला. मी तो मांडीखाली दाबून बसले, भाऊच्या धक्क्यापर्यंत.

रिपोर्ट भाद्रपदात आला. आहे. तिच्यातही आहे. पोटाची सोनोग्राफी स्वच्छ आली, छाती चांगली, गळ्यात मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी आहे, त्याकडे आत्ता नुसतं लक्ष ठेवायचं. दर काही महिन्यांनी पोट बघायचं, गळा बघायचा, वर्षानुवर्षं. बाई म्हणाल्या, माहीत असलं की वेळेत सापडतं, आणि वेळेत सापडलं तर बहुतेक निभावतं. बहुतेक या शब्दावर मी अजून अडकलेय. मी पोरीला समोर बसवलं आणि सांगितलं, हे तुला माझ्याकडून आलंय, आणि मला आजीकडून. वाक्य पाठ करून ठेवलं होतं तरी मधेच तुटलं. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "मग तू काय मुद्दाम दिलंस का मला?" मी ओढणी डोळ्यांना लावली. तिने माझ्याकडे बघितलं आणि जराशी घाबरली बहुतेक, मोबाइल बाजूला ठेवला. "मम्मी, यार, रडू नको ना. आजीने पण मुद्दाम नाही दिलं. चल ना, भूक लागलीय." रात्री मात्र ती माझ्या अंथरुणात येऊन झोपली, बऱ्याच वर्षांनी. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर होता. तो तिने तिथे मुद्दाम ठेवला होता की झोपेत गेला होता, मला ठाऊक नाही.

माझी भीती गेलेली नाही, तुला खोटं कशाला सांगू. तिचा आवाज मी रोज ऐकते, कान देऊन, एखादा सूर खाली गेला की तिला परत बोलायला लावते. ती सर्दी झाली म्हणून घोगरी बोलली तरी मी अर्धी होते. हा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवणार आहे. तो कुणाला द्यायचा नाही. तिच्या पुढच्या तपासणीला शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवीन, म्हणजे तू आलीस असं धरून चालेन.

एक राहिलं. लेकीने पान ठेवू नये म्हणतात, पण बाबा गेल्यापासून पितृपक्षातल्या नवमीला तुझं पान मीच ठेवते. दर वर्षी तुझ्यापुरती आमटी मीठ पडायच्या आधी वाटीत काढून ठेवायची, तू काढायचीस तशी. यंदा नाही काढली. सगळ्यांच्या पातेल्यातलीच वाढली, शेजारी सुकट भाजून ठेवली, आणि पानात वर मधोमध मीठ वाढलं, जिथे ते सगळ्यांना वाढतात. पण पातेल्यात मीठ घालताना अंदाज चुकला आणि ते जास्त पडलं, आये. आमटी खारट झाली होती. मला चाखल्यावर कळलं, तरी मी तुझं पान बदललं नाही.